खान्देशातील घरात फरशी झाडणारा यंत्रमानव: निवड, मांडणी आणि निगा

खान्देशात घर झाडणे हे सकाळी एकदा उरकून मोकळे होण्याचे काम नाही. फाल्गुन सरला की दुपारचे वारे सुटतात, कापूस निघून उघड्या पडलेल्या काळ्या रानांतली बारीक माती उडू लागते, आणि सकाळी लख्ख झाडलेल्या फरशीवर तीन वाजेपर्यंत पावलांचे ठसे उमटतात. ज्या घरात आता दोनच वयस्कर माणसे उरली आहेत, मुले पुण्याला, नाशिकला किंवा सुरतेला आहेत आणि कामाच्या मावशी सकाळी एकदाच येतात, त्या घरात ही दुपारची झाडझूड वाकून कोणी करायची, हा साधा पण रोजचा प्रश्न असतो. फरशी झाडणाऱ्या यंत्रमानवाची उपयुक्तता मी याच एका प्रश्नावर तपासते. घरातली सगळी कामे तो करणार नाही, सकाळचा झाडू आणि मावशींचे काम तो बंद करणार नाही. पण दुपारची धूळ तो नक्की उचलतो, अट एवढीच की त्याला आणण्याआधी घराची तयारी झालेली असावी.

माझे माहेर अमळनेरला आहे. घराच्या मागच्या बाजूला धाब्याचे दोन जुने खण आहेत, पुढच्या बाजूला स्लॅबच्या चार खोल्या आहेत, आणि मधे ओसरी आहे. आईच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले तेव्हा पुण्याच्या भावाने मोठ्या मायेने असे एक यंत्र पाठवले. मी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा ते दिवाणाखाली खोक्यात पडलेले होते. पहिल्याच दिवशी ते ओसरीच्या उंबरठ्याला अडले होते, दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या दशा त्याच्या चाकात गुंतल्या होत्या, आणि ते चालवायचे ॲप भावाच्या फोनमध्ये होते. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. त्यानंतरचे आठ दिवस मी आईसोबत बसून ते मार्गी लावले, आणि त्यातून जे शिकले ते येथे क्रमाने सांगत आहे.

हे यंत्र काम कसे करते

बाजारात रोबो व्हॅक्यूम या नावाने जे मिळते ती साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाची, ९ ते १० सेंटीमीटर उंचीची गोल चकती असते. तिच्या कडेला फिरणारा एक छोटा कुंचला भिंतीलगतचा केर आत ढकलतो, पोटाखालचा आडवा ब्रश तो वर उचलतो, आणि पंखा तो केर हवेबरोबर ओढून डब्यात टाकतो. हवा गाळणीतून बाहेर पडते आणि धूळ मागे राहते. पुढचा अर्धगोल पट्टा कशावर आदळला की ते वळते. पोटाखाली इन्फ्रारेड किरणांचे संवेदक असतात. किरण फरशीवर आपटून परत आला तर पुढे जमीन आहे आणि परत आला नाही तर खड्डा आहे असे समजून ते मागे फिरते, म्हणून जिन्यावरून खाली पडत नाही. काम संपल्यावर ते आपल्या तळाकडे, म्हणजे भिंतीशी ठेवलेल्या चार्जिंगच्या ठोकळ्याकडे जाते, कारण तळ एक अदृश्य किरण सोडत असतो आणि यंत्र त्याचा माग काढते.

घरोघरी विकले जाणारे असे पहिले यंत्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली ‘ट्रिलोबाइट’ या नावाने आणले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००२ साली, अमेरिकेतील आयरोबोट कंपनीचा ‘रूम्बा’ आला आणि तो खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचला. ही जन्मकथा सांगण्याचे कारण असे की ज्या घरांसाठी ही यंत्रे घडली त्यांत गालिचे होते, काचेने बंद होणाऱ्या खिडक्या होत्या, आणि जमिनीवर बसून जेवणारी माणसे नव्हती. आपल्या घरात उंबरठा आहे, मोरी आहे, जमिनीवरची पंगत आहे, दारात रांगोळी आहे. हा फरक कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, म्हणून तो आपल्यालाच भरून काढावा लागतो.

आधी घर मोजावे

यंत्राचे पैसे भरण्याच्या आधी मुलांच्या दप्तरातली पट्टी घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक उंबरठ्याची उंची कागदावर लिहावी. दोन्ही बाजूंनी मोजावे, कारण जुन्या घरांत आतली जमीन आणि बाहेरची जमीन एका पातळीत क्वचितच असते. बहुतेक यंत्रे दीड ते दोन सेंटीमीटरचा अडथळा ओलांडतात. अलीकडच्या काही महाग यंत्रांना चार सेंटीमीटर किंवा त्याहून उंच चढता येते. आमच्या ओसरीचा उंबरठा तीन सेंटीमीटरचा निघाला. तो फोडावा असे सुचवणारे लोक भेटतात, पण ज्या उंबरठ्याला रोज हळद-कुंकू लागते तो यंत्रासाठी फोडणे कोणालाही रुचणार नाही आणि त्याची गरजही नाही. सुताराकडून उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना टेकतील अशा दोन लाकडी उतरत्या फळ्या करून घ्याव्यात. फळीची लांबी उंबरठ्याच्या उंचीच्या सहा-सात पट ठेवली, म्हणजे तीन सेंटीमीटरला साधारण वीस सेंटीमीटर, तर चढ सौम्य होतो. फळीची रुंदी यंत्राच्या रुंदीपेक्षा जास्त असावी, खालून रबर चिकटवावे म्हणजे ती सरकत नाही, आणि काम झाल्यावर ती उचलून भिंतीशी उभी ठेवावी. अंधारात म्हाताऱ्या माणसाचा पाय तिच्यावर पडू नये. हे जमत नसेल तर यंत्र एका पातळीच्या खोल्यांपुरतेच ठेवावे. चार खोल्या नीट झाडणारे यंत्र सहा खोल्यांत अडखळणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त दिवस वापरात राहते.

त्यानंतर दिवाण, पलंग आणि लोखंडी कपाट यांच्याखालची जागा मोजावी. ती अकरा सेंटीमीटरच्या वर असेल तर यंत्र सहज आत जाते, आठच्या खाली असेल तर ते बाहेरूनच वळते. मधल्या उंचीवर मात्र ते आत घुसते आणि तिथेच दबून अडकते. अशा फर्निचरच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवावी किंवा ती जागा ॲपमधल्या घराच्या नकाशात बंद करावी.

फरशी कशाची आहे हेही पाहावे. शहाबादी, कोटा, मोझॅक, व्हिट्रिफाइड टाइल्स या सर्वांवर यंत्र चालते. शहाबादीच्या जुन्या फरश्यांमधले सांधे उघडे झाले असतील तर त्यांत साचलेली माती त्याला पूर्ण ओढता येत नाही, म्हणून ते सांधे आधी सिमेंटने भरून घ्यावेत. काळ्या कडप्प्याची किंवा काळ्या ग्रॅनाइटची पट्टी असेल तर एक वेगळीच अडचण येते: काळा रंग इन्फ्रारेड किरण शोषून घेतो, किरण परत येत नाही, आणि यंत्र त्या पट्टीला खड्डा समजून मागे फिरते. यावर उपाय म्हणून संवेदकांवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. घरात जिना, ओट्याची कड किंवा खोल मोरी असेल तर हा उपाय अजिबात करू नये, कारण त्यानंतर खरा खड्डाही यंत्राला दिसणार नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर हे यंत्र चालवूच नये. ब्रश सारवणाचा थर खरवडतो, त्याचीच धूळ करतो आणि तीच धूळ ओढत बसतो. त्या जमिनीसाठी केरसुणीच योग्य आहे.

यंत्र निवडताना

दुकानात सर्वांत आधी पास्कलचा आकडा सांगितला जातो. पास्कल म्हणजे हवा ओढण्याच्या दाबाचे माप. हा मोठा आकडा गालिच्याच्या लोकरीत रुतलेली धूळ काढायला लागतो. गुळगुळीत फरशीवरची कोरडी माती उचलायला अडीच-तीन हजार पास्कल पुरतात. आपल्याकडे त्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो यंत्राला वाट कशी समजते हा प्रश्न. सर्वांत स्वस्त यंत्रे आदळत, वळत, अंदाजाने फिरतात. त्यांचा एक कोपरा तीनदा झाडून होतो आणि दुसरा राहून जातो. कॅमेऱ्याने वाट काढणाऱ्या यंत्रांना उजेड लागतो, आणि दुपारच्या उन्हात दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून बसण्याची आपली पद्धत त्यांना मानवत नाही. डोक्यावर फिरत्या लेझरची लहानशी टोपी असलेली यंत्रे अंधारातही खोलीची मापे घेतात आणि नकाशा करून ओळीने झाडतात. माझे स्पष्ट मत आहे की खान्देशातल्या घरासाठी लेझरचे यंत्र घ्यावे, आणि बजेट कमी पडत असेल तर आणखी वर्षभर थांबावे. अंदाजाने फिरणारे यंत्र घेऊ नये. लेझरच्या यंत्रात कॅमेरा नसेल तर घरातल्या चित्रणाचा प्रश्नही उरत नाही. लेझरची एक मर्यादा आहे: जमिनीपर्यंत आलेला आरसा त्याला फसवतो आणि आरशातली खोली खरी समजून ते तिकडे जाऊ पाहते. अशा आरशापुढे नकाशात रेघ ओढून द्यावी.

केराचा डबा हा दुसरा मुद्दा. यंत्रातला डबा साधारण अर्ध्या लिटरच्या आतला असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो एका फेरीत भरू शकतो. स्वतःचा डबा तळावरच्या मोठ्या पिशवीत रिकामा करणारी यंत्रे मिळतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय चैनीची नाही, ती गरजेची आहे. मात्र त्या पिशव्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात, म्हणून त्यांची किंमत आणि त्या कुठे मिळतात हे आधीच विचारून घ्यावे. तसेच दुरुस्तीचे केंद्र जळगावात किंवा धुळ्यात आहे की यंत्र नाशिक-पुण्याला पाठवावे लागेल, हेही लेखी घ्यावे. बॅटरी आणि चार्जर यांवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण पाहावी. परदेशातून कोणी भेट म्हणून आणणार असेल तर चार्जर २३० व्होल्टवर चालतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पिन लावू नये.

विजेच्या बिलाची काळजी अनेक जण व्यक्त करतात, म्हणून हिशेब सांगते. नेहमीच्या मोठ्या यंत्राची बॅटरी १४.४ व्होल्टची आणि ५२०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर ती पूर्ण भरायला सुमारे ७५ वॅट-तास वीज लागते. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी एका युनिटमध्ये दहाच्या आसपास वेळा बॅटरी भरून होते. ओले फडके गरम हवेने वाळवणारा तळ असेल तर खर्च वाढतो.

पहिल्या आठवड्याची मांडणी

तळ ठेवण्याची जागा ही सर्वांत विचार करून ठरवण्याची गोष्ट आहे. भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंना हातभर आणि पुढे दीड मीटर मोकळी जागा सोडून तो ठेवावा. पश्चिमेच्या भिंतीशी, खिडकीतून ऊन येते तिथे किंवा गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत तो ठेवू नये. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लिथियम बॅटरी तापलेली असताना चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते. चाळिशीच्या वर तापमान गेलेल्या खोलीत चार्जिंग टाळावे. शिवाय थेट ऊन पडले की तळाचा किरण यंत्राला ओळखू येत नाही. आमच्याकडे जुन्या खणातल्या जाड मातीच्या भिंतीशी तळ ठेवला. तिथे बारा महिने गारवा असतो. पण त्याच जाड भिंतीमुळे वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून राउटर ओसरीत हलवावा लागला. येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: यातली बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडली जातात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी होत नाही आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

नकाशा काढण्याच्या पहिल्या फेरीसाठी घर मोकळे करावे. सगळी आतली दारे उघडावीत, गाद्या-सतरंज्या गुंडाळाव्यात, पाट, चपला आणि मुलांची खेळणी उचलावीत, जमिनीवर चार्जिंगला लावलेले फोन आणि त्यांच्या वायरी वर ठेवाव्यात. नकाशा तयार झाल्यावर बऱ्याच ॲपमध्ये खोल्यांना नावे देता येतात. ती देवनागरीत, घरात बोलली जातात तशीच द्यावीत. आईने ‘ओसरी’, ‘मधली खोली’ आणि ‘नानांची खोली’ ही नावे दिली, आणि त्या क्षणापासून तो नकाशा तिला वाचता येऊ लागला.

यानंतर बंदीच्या रेघा ओढाव्यात. मोरीच्या तोंडाशी रेघ हवीच, कारण तिथली जमीन ओली असते आणि कोरडे ओढणाऱ्या पंख्यात पाणी गेले तर मोटर जाते. दारातल्या रांगोळीपुढे रेघ हवी. देवघरापुढे, जिथे समई किंवा निरांजन जमिनीवर ठेवले जाते, तिथे कायमची बंदी हवी आणि पेटता दिवा जमिनीवर असताना यंत्र चालूच करू नये. एक धोका फार कमी लोकांच्या ध्यानात येतो: मुंग्यांसाठी भिंतीकडेने टाकलेली पावडर किंवा खडूची रेघ. यंत्राचा कडेचा कुंचला नेमका भिंतीलगतच फिरतो, ते विष उडवतो आणि घरभर पसरवतो. रांगते मूल असलेल्या घरात ही गोष्ट गंभीर आहे. अशी पावडर टाकली असेल तर ती खोली पूर्ण बंद ठेवावी, आणि पावडर हाताने ओल्या फडक्याने पुसून काढल्यावरच उघडावी.

वेळ ठरवताना घरातल्यांचे दिवसाचे वेळापत्रक आणि समजुती दोन्ही पाहाव्यात. दिवेलागणीनंतर झाडू फिरवू नये असे आई मानते, म्हणून आमचे यंत्र दुपारी साडेतीनला निघते आणि पाचच्या आत परत येते. वारा पडण्याआधी खिडक्या उघड्या ठेवून झाडणे व्यर्थ असते; आधी खिडक्या लावाव्यात. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर ती टाळावी. वीज नसताना तळाचा किरणही बंद असतो, मग यंत्र तळ शोधत बॅटरी संपेपर्यंत फिरते आणि एखाद्या पलंगाखाली बंद पडते. जेवणाची पंगत उठल्यावर लगेच यंत्र सोडू नये. भाताची ओली शिते, वरणाचे थेंब आणि शेवभाजीची तर्री हे त्याचे काम नाही. ओले अन्न नळीत चिकटते, कुजते आणि वास मारते. ते हाताने पुसून, फरशी वाळल्यावर यंत्र सोडावे. झाडण्याआधी कानातले, मंगळसूत्राचे सुटलेले मणी, जोडव्यांसारखी बारीक वस्तू हरवली असल्याची शंका असेल तर आधी डोळ्यांनी शोधावे, आणि तरीही सापडले नाही तर डबा रिकामा करताना वर्तमानपत्रावर ओतून पाहावा.

यंत्र कोणाच्या हाती

झाडण्याचे काम जी व्यक्ती करते तिच्याच हाती यंत्र असले पाहिजे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे यंत्र आईसाठी आले होते आणि त्याची किल्ली भावाच्या फोनमध्ये होती. तो कामात असला की यंत्र बंद, आणि त्याने तिकडून चालू केले की इकडे आई पूजेला बसलेली. ॲपमध्ये दुसऱ्या फोनला वाटणी देण्याची सोय बहुधा असते; ती वापरून आईच्या फोनवर ते उघडून दिले. पण खरा उपयोग झाला तो यंत्रावरच्या दोन बटनांचा. एक दाबले की ते निघते, दुसरे दाबले की परत जाते, आणि त्यासाठी फोन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत सूचना लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: निघण्याआधी काय उचलायचे, लाल दिवा लागला तर कुठे पाहायचे, ते कुठे अडकते, आणि कोणत्या दिवशी ब्रश साफ करायचा. यंत्र इंग्रजीत जी चार-पाच वाक्ये बोलते त्यांचे अर्थही त्यावर लिहिले. तोच कागद कामाच्या मावशींनाही वाचून दाखवला, कारण सकाळी त्या फरशी पुसताना तळाची पिन काढत आणि दुपारी यंत्राची बॅटरी रिकामी असे. त्यांना यंत्राची भीती वाटली होती, आपले काम जाईल अशी. आईने त्यांना स्पष्ट सांगितले की सकाळचे काम तसेच राहणार आहे, आणि मग त्यांनीच दाखवले की दिवाणाच्या मागच्या कोपऱ्यात यंत्र पोहोचत नाही. कोपरे, पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी, जाळी-जळमटे ही सगळी कामे माणसाच्या हातानेच होतात.

पुसण्याची सोय असेल तर

झाडण्याबरोबर पुसणारी यंत्रेही मिळतात. ती ओले फडके फरशीवरून ओढतात किंवा फिरवतात. बसलेली धूळ त्यांनी निघते. वाळलेला डाग माणसाने जोर लावून पुसावा तसा त्यांनी निघत नाही. टाकीत फिनेल, ॲसिड किंवा साबणाचे पाणी घालू नये, त्याने आतल्या नळ्या खराब होतात. उत्पादकाने सांगितलेले द्रव किंवा नुसते पाणी वापरावे. ज्या घरात बोअरचे जड पाणी आहे तिथे टाकीत आरओचे पाणी घालावे. जड पाण्यातला क्षार बारीक छिद्रांत बसून ती बुजवतो आणि काळसर फरशीवर पांढरे ओघळ ठेवतो. फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे.

ऋतू बदलला की

उन्हाळ्यात कूलर लागला की त्याच्या जाळ्यांतल्या गवताच्या काड्या आणि खाली सांडलेले पाणी या दोन्हींची काळजी घ्यावी; कूलरभोवती दोन फूट बंदी ठेवावी. कुरडया, पापड, बिबडे घरात पसरून वाळत असतील त्या खोलीत यंत्र नेऊ नये. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून ढेकळांनी घरात येते. ओल्या मातीवर यंत्राची चाके गेली तर सगळ्या घरभर चिखलाचे पट्टे उमटतात, म्हणून दारात जाड पायपुसणे ठेवावे, माती वाळू द्यावी, ढेकळे केरसुणीने काढावीत आणि मगच यंत्र सोडावे. श्रावणात कानबाईच्या सणाआधी सारे घर धुऊन काढतात. फरशीचे सांधे पूर्ण कोरडे होईपर्यंत, म्हणजे निदान दुसऱ्या दिवसापर्यंत, यंत्राला विश्रांती द्यावी.

दिवाळीच्या रंगरंगोटीनंतर मात्र विशेष जपावे. चुना, पुट्टी, प्लास्टर आणि सिमेंट यांची धूळ इतकी बारीक असते की ती गाळणी बुजवते आणि मोटरीत शिरते. ती धूळ आधी झाडून, दोनदा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. त्याच सुमाराला कापसाची वेचणी सुरू होते. शेतकऱ्याच्या घरात भाव येईपर्यंत कापूस खोलीत भरून ठेवलेला असतो, आणि त्या खोलीतून पायांबरोबर येणारे तंतू यंत्राच्या ब्रशभोवती सुतासारखे गुंडाळले जातात. कापसाची खोली नकाशातून वगळावी आणि त्या तीन-चार महिन्यांत ब्रश दर दोन दिवसांनी उघडून पाहावा.

निगा

डबा प्रत्येक फेरीनंतर रिकामा करावा, तोही घराबाहेर. गाळणी आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात रोज, हलक्या हाताने आपटून झटकावी. काळ्या मातीने ती लवकर भरते आणि मग यंत्र फिरते पण ओढत नाही. धुता येते असे लिहिले असेल तरच ती धुवावी आणि सावलीत पूर्ण २४ तास वाळवल्यावरच बसवावी. ओली गाळणी बसवली तर मातीचा लेप बसतो आणि ती कायमची निकामी होते.

आडवा ब्रश आठवड्यातून एकदा काढावा. त्यावरचे केस आणि दोरे कात्रीने लांबीच्या दिशेने कापून ओढावेत. खरी अडचण दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली असते. तिथे गुंडाळलेले तंतू दिसत नाहीत, घर्षणाने टोपी तापते आणि प्लास्टिक वितळू शकते. टोपी काढून तो भाग सुईने मोकळा करावा. पुढचे छोटे चाक खेचून निघते, त्याच्या दांड्यालाही असेच केस असतात. पोटाखालचे संवेदक महिन्यातून दोनदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. त्यांवर धूळ बसली की सपाट जमिनीवरही यंत्र जिना आल्यासारखे मागे सरकू लागते, आणि हे लक्षण पाहून अनेक जण ते दुरुस्तीला नेतात. कडेचा कुंचला वाकला किंवा झिजला की बदलावा. तो जास्तीचा आणून ठेवावा.

महिना-दोन महिने घर बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून, यंत्र बटनाने बंद करून, तळापासून दूर थंड जागी ठेवावे. अधूनमधून ती पुन्हा भरावी; पूर्ण रिकामी झालेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली तर पुढे चार्ज घेत नाही. काही वर्षांनी यंत्र अर्ध्या घरातच परत फिरू लागले तर बॅटरी थकली असे समजावे आणि त्याच मॉडेलची, नोंदणीची खूण असलेली बॅटरी आणावी. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये आणि भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. ती चेपली किंवा तिला छिद्र पडले तर पेट घेऊ शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कंपनीच्या सेवा केंद्रात परत द्यावी.